शेवटच्या फ्रेममधला दोर

मला उंचीची भीती वाटत नाही. दोराची वाटते. बाजारात पोतं वर खेचणारा दोर असो की इमारतीला रंग देणाऱ्या माणसाच्या कमरेचा, तो दिसला की माझी नजर आधी त्याच्या वरच्या टोकाकडे जाते. तिथे तो कशाला बांधलाय हे बघितल्याशिवाय मला पुढे पाऊल टाकवत नाही. बायको म्हणते, हे तुमचं काय नवीनच निघालं? नवीन वगैरे काही नाही. हे कालिंदाताईंकडून आलेलं आहे. त्या काम सोडून गेल्या, पण हे मात्र माझ्याकडेच ठेवून गेल्या.

धाराशिवमध्ये सिनेमाचं काम चालतं असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. खालच्या मजल्यावर खतं-बियाण्यांचं दुकान आणि वर आमचा स्टुडिओ, त्यामुळे आमच्या सगळ्या कॉम्प्युटरांना युरियाचा वास येतो. मोठ्या शहरांतल्या कंपन्या शूटिंगचे तुकडे आमच्याकडे पाठवतात आणि त्यात जे दिसायला नको ते आम्ही घालवतो. राजाच्या सिंहासनामागे राहिलेला चहाचा कप, नटाच्या दंडावरचं गोंदण, आणि सगळ्यात जास्त म्हणजे दोर. सिनेमात माणूस कड्यावरून झेप घेतो तेव्हा त्याच्या पाठीला दोर बांधलेला असतो. तो आम्ही ब्रशने झाकतो. ब्रश म्हणजे खरा नव्हे. मांडीवर एक काळी पाटी, हातात पेन आणि समोर पडदा. दोराच्या शेजारचं आभाळ पेनाने उचलायचं आणि दोरावर टेकवायचं. सेकंदाला चोवीस चित्रं, एकेका चित्राला म्हणायचं फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये पुन्हा हेच. कालिंदाताई हे काम करायच्या आणि मी ते तपासायचो.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या एका खेड्यातल्या त्या. चाळिशीच्या आसपास, अंगाने किरकोळ, आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. त्यावर त्या "झालं गेलं" एवढंच बोलायच्या आणि विषय बदलायच्या. पूर्वी माझा फोटो स्टुडिओ होता, तेव्हा त्या माझ्याकडे पासपोर्ट फोटोंवरचे डाग काढायला शिकल्या. फोटोची दुकानं बसली, मी इकडे आलो, आणि येताना त्यांनाही घेऊन आलो. सकाळी आल्या की उजव्या हातातल्या बांगड्या काढून एका स्टीलच्या डबीत ठेवायच्या, कारण त्या पाटीवर वाजतात. मग फिरत्या खुर्चीवर चक्क मांडी घालून बसायच्या. ती खुर्ची एकदा त्यांच्यासकट मागे कलंडली, तरी मांडी काही सुटली नाही.

हात मात्र विलक्षण होता. नवीन कुणी लांब फटकारा मारला की त्या तिथूनच ओरडायच्या, "मारू नगा, टेकवा! भिताड सारवायलाय का?" लांब फटकारा एका फ्रेममध्ये बरा दिसतो, पण चित्र चालू केलं की दोराच्या जागी आभाळ उकळल्यासारखं हलायला लागतं. ताईंचं आभाळ कधी हललं नाही. त्या वरच्या टोकापासून सुरुवात करायच्या आणि बारीक बारीक टेके देत खाली यायच्या. माणसाच्या पट्ट्याजवळचा वीतभर दोर सगळ्यात शेवटी. "त्याला कळायच्या आत झाकावा," असं म्हणायच्या.

त्यांच्यासमोर दोर 'पुसला', 'कापला', 'तोडला' असं म्हणायची सोय नव्हती. घरात बांगडी फुटली तर वाढली म्हणायचं, दिवा विझवला न म्हणता शांत केला म्हणायचं, अशा घरात त्या वाढलेल्या. "झाकला म्हणा," त्या सांगायच्या. "खाली हाय त्यो अजून. फकस्त दिसत न्हाय." आम्ही आधी हसलो, मग आमचीही जीभ तशी वळली. आमचे मालक प्रशांतराव पुण्याच्या माणसांशी इंग्रजीत बोलतानासुद्धा दोर झाकला म्हणायला लागले.

हे सगळं कशामुळे, ते मला नंतर कळलं. ताईंना एकच भाऊ, बालाजी. आईवडील लवकर गेले, ताईंनीच त्याला वाढवलं. तो यारीवर होता. यारी म्हणजे विहीर खोदायची क्रेन. विहिरीच्या काठावर लोखंडी सांगाडा उभा करतात, इंजिनावर ड्रम फिरतो, ड्रमला तार गुंडाळलेली असते आणि तारेला लोखंडी टोपलं. त्या टोपल्यात उभं राहून माणूस खाली जातो, सुरुंगाने फुटलेला दगड भरतो, दगड वर येतो, आणि संध्याकाळी त्याच टोपल्यातून माणूस वर येतो. आमच्याकडे पाणी दरवर्षी आणखी खाली जातं आणि त्याच्या मागोमाग बालाजीसारखी माणसंही.

म्हणजे बहीण दिवसभर लोंबकळणाऱ्या माणसांचे दोर झाकायची आणि भाऊ दिवसभर एका तारेला लोंबकळायचा.

पहिल्या मोठ्या शॉटच्या वेळी हे मला माहीत नव्हतं. नट दरीवर लटकलाय असा शॉट होता. ताईंनी सुरेख काम केलं. मी चित्र चालू केलं. दोराचा मागमूस नाही, माणूस नुसत्या हवेत. आणि ताईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. "बंद करा! पडंल की हो त्यो!" मी म्हणालो, "अहो ताई, तुम्हीच तर झाकलाय दोर." त्या उठून बाहेर गेल्या आणि जिन्यात बसून राहिल्या. आपलं पुरं झालेलं काम त्यांनी कधीच बघितलं नाही. मी तपासायला बसलो की त्या पाठ करून बसायच्या.

तपासतानाच मला ते सापडलं. शॉटच्या अगदी शेवटच्या फ्रेममध्ये दोर तसाच होता. राहिला असेल म्हणून मी परत पाठवला. परत आला, तरी शेवटच्या फ्रेममध्ये दोर होता. पुढच्या शॉटमध्येही तेच. मी त्यांना बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. 

"ऱ्हाऊ द्या की एवढा," त्या म्हणाल्या. "सगळीकडनं झाकला तर माझा जीव ऱ्हात न्हाय. कुठंतरी एका जागी दोर दिसू द्या. मग मला झोप लागती."

त्याच दिवशी मला बालाजी कळला.

आता, प्रत्येक शॉटच्या मागेपुढे थोड्या जादा फ्रेम असतात. सिनेमा जोडताना त्या कापून टाकतात. शेवटची फ्रेम प्रेक्षकांपर्यंत पोचतच नाही. मी विचार केला, कुणाचं काय बिघडतंय? आणि राहू दिला. मी मोठा समजूतदार होतो असं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून नाही म्हणायचं माझं धाडस झालं नाही.

बालाजी एकदा स्टुडिओत आला होता. उंचापुरा, केसांत दगडाची भुकटी, दारातच चप्पल काढून उभा. ताईंनी त्याला माझी ओळख करून दिली आणि चहा मागवला. तो पडद्यासमोर वाकला. पडद्यावर अजून न झाकलेला शॉट होता.

"ह्यो कोण लोंबकळायलाय आक्का?"

"हिरो हाय."

"आन् ही दोरं?"

"तीच झाकायची. तेच माझं काम."

बालाजी खो खो हसला. "दोन दोन दोर, कमरंला पट्टा, आन् खाली एवढी मोठी गादी! मग ह्यो बाबा तोंड कशापायी वाकडं करायलाय? मला बघ, एकच तार हाय. आन् गादी काळ्या पाषाणाची."

आम्ही सगळे हसलो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला कप टेबलावर ठेवला. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि माझंही हसू गेलं. पडद्यावरचे दोन दोर आणि गादी त्यांनी शंभरदा बघितली असतील, पण भावाची तार आणि हे दोर त्यांनी एकमेकांशेजारी कधी ठेवले नव्हते. ते काम त्या भल्या माणसाने हसत हसत करून टाकलं.

"जातो आक्का," म्हणून तो जिना उतरायला लागला.

"माघारी ये!" ताई एवढ्या जोरात ओरडल्या की खालच्या दुकानदाराने वर बघितलं. "येतो म्हण."

तो अर्ध्या जिन्यातून परत वर आला. "येतो. येतो. येतो. झालं?"

त्या दिवसापासून ताईंचा नियम सुरू झाला. बालाजी खाली असताना दोराला हात लावायचा नाही. सकाळी कप, गोंदणं, विजेचे खांब. दुपारी बालाजी भाकरी खायला वर यायचा आणि फोन करायचा, "आलो गं." तेवढ्या वेळात ताई आपला डबा बाजूला सारून भराभर दोर झाकायच्या. त्याचं जेवण झालं की पेन खाली. उरलेले दोर संध्याकाळी, तो दिवसाचं काम संपवून वर आल्यावर. डबा बरेचदा तसाच घरी जायचा. सिनेमाचं आमचं वेळापत्रक ईट नाहीतर ढोकी गावाकडच्या कुठल्यातरी विहिरीवर चालत होतं, आणि हे पुण्यात कुणाला सांगितलं असतं तर आमची रवानगी वेड्यांच्या दवाखान्यात झाली असती. पण खरं सांगतो, हळूहळू आम्हीही त्या फोनची वाट बघायला लागलो. दुपारी फोन वाजला नाही की सगळ्यांचे पेन थांबायचे.

आणि मग तो दिवस आला. पुण्याहून निरोप होता की सिनेमा जोडणाऱ्याने दरीचा शॉट लांबवलाय, जादा फ्रेमसुद्धा वापरल्यात आणि शेवटी दोर चमकून जातोय. दुपारच्या आत स्वच्छ करून हवा.

प्रशांतराव ताईंच्या खुर्चीशी आले. वाईट माणूस नव्हे. घाबरलेला माणूस. "ताई, एकच फ्रेम आहे. हे काम हातचं गेलं तर पुढचं कुणी देणार नाही. आपण सगळेच घरी बसू."

ताईंनी फोन लावला. वाजत राहिला. बालाजी खाली जाताना फोन सदऱ्यात ठेवून सदरा काठावर ठेवायचा. "खाली हाय त्यो," त्या म्हणाल्या. "जेवायला वर येईल की. तवा करते."

पुण्याहून पुन्हा फोन आला. मग पुन्हा. प्रशांतरावांचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला, आणि ते जास्त वाईट होतं. मी म्हणालो, "द्या ताई इकडे, मी करतो." त्यांनी मान हलवली.

"तुमी कशाला? म्याच ठिवला हुता. माझाच हाय त्यो."

त्यांनी बांगड्यांची डबी बाजूला सारली. पाटी मांडीवर घेतली. वरच्या टोकापासून सुरुवात केली. शेजारचा कडा उचलायचा, टेकवायचा. उचलायचा, टेकवायचा.  शेवटी पट्ट्याजवळ बोटाएवढा दोर उरला. तो बराच वेळ तसाच राहिला. खालून पोती टाकल्याचे आवाज येत होते. मग त्यांनी पेन टेकवलं.

शॉट गेला. जेवणाची वेळ झाली. फोन आला नाही.

ताईंनी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. जेवणाची वेळ टळून गेली. कुणी डबा उघडला नव्हता. मी स्वतःला समजावत होतो की असं काही नसतं, हे कॉम्प्युटरवरचं चित्र आहे, तिकडे लोखंडी तार आहे, याचा त्याचा संबंध काय. समजावणं पटत होतं, तरी नजर पुन्हा पुन्हा ताईंच्या फोनकडे जात होती. शेवटी ताईंनी यारीच्या इंजिनवाल्याला लावला. त्याने उचलला. मागे खूप माणसांचा गलका होता.

"बालाजी मधीच हाय," तो एवढंच बोलला आणि फोन बंद झाला.

प्रशांतरावांनी गाडी काढली. ताई पुढे, मी मागे. येरमाळा मागे टाकलं, वाशी मागे टाकली, ईटकडे वळलो. ताईंच्या उजव्या हातात बांगड्या नव्हत्या. डबी तशीच टेबलावर राहिली होती.

लांबूनच यारीचा सांगाडा दिसला. इंजिन बंद होतं. भोवती गर्दी होती. ड्रमवर तारेचे वेढे एकमेकांवर चढून अडकले होते. टोपलं ना वर येत होतं ना खाली जात होतं. आणि ड्रमपासून थोड्या अंतरावर तारेचे पीळ सुटले होते, त्यातल्या काही काड्या तुटून बाहेर आल्या होत्या. उरलेल्यांवर बालाजी होता. काठावरून खाली बघितलं तर तार थोडी दिसायची आणि मग अंधारात नाहीशी व्हायची. तिच्या टोकाला माणूस आहे हे धरूनच चालायचं. मी बघितलं आणि मागे सरलो. दोर झाकलेला शॉट मी इतक्यांदा बघितला होता, पण असा कधी नाही.

इंजिनवाला काठावर पालथा पडून खाली ओरडत होता, "हलू नगंस! बालाजी, हलू नगंस!" शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर आणि नायलॉनचा जाड दोर येत होता.

ताई काठाशी उभ्या होत्या.  त्यांनी डावा तळवा पसरला होता आणि उजव्या हाताची चिमूट त्यावर चालत होती, पेन धरल्यासारखी. बारीक टेके. एक, मग त्याच्याशेजारी एक. मला वाटलं, सवयीने हात चालतोय. मग नीट बघितलं. स्टुडिओत त्या नेहमी वरून खाली यायच्या. इथे खालून वर जात होत्या. मनगटापासून बोटांकडे, टेकत टेकत, पुन्हा मनगटापासून. सकाळी झाकलेला दोर त्या परत घालत होत्या.

नायलॉनचा दोर खाली सोडला. बालाजीने तो काखेखालून स्वतःला बांधला. ट्रॅक्टर इंच इंच पुढे सरकला. मी तारेकडे बघितलं नाही, ताईंच्या तळव्याकडे बघत राहिलो. चिमूट थांबली तेव्हा मला कळलं की तो वर आलाय.

तो अंगभर राखाडी झाला होता. ओठ पांढरे. कुणीतरी पाणी दिलं, ते त्याच्या हातातून सांडलं. ताई समोर जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा तो म्हणाला, "येतो म्हणलो हुतो की."

ताईंनी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग त्याचं डोकं पोटाशी धरून मटकन खाली बसल्या.

परतताना गाडीत त्या एकदाच बोलल्या. "कवा अडकला, ते कुणाला इचारू नगा. मला कळू देऊ नगा." कुणी विचारलं नाही. आजपर्यंत मी विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पाटी पदराने पुसून जागेवर ठेवली, बांगड्यांची डबी घेतली. प्रशांतराव माफी मागत होते, दोराचं काम पुन्हा कधीच देणार नाही म्हणत होते. ताईंनी त्यांचंच सांत्वन केलं. "तुमचं काय चुकलं न्हाय साहेब. पर हात न्हाय चालायचा आता." बालाजीला त्यांनी हातापाया पडून सांगितलं होतं, सोड ते काम. तो म्हणाला होता, "दुसरं काय येतंय मला?" यारीला नवी तार बसायची होती आणि तो उतरायचा दिवस ठरला होता.

काही महिन्यांनी एका लग्नासाठी मी ईटला गेलो. बालाजीची यारी जवळच्याच शिवारात आहे असं कळलं. जेवण उरकून मी तिकडे गेलो.

काठावर, खाली उतरलेल्या माणसाचा आणि इंजिनवाल्याचा मेळ घालायला एक माणूस उभा असतो. हात वर केला की तार थांबते, हात खाली केला की सुटते. त्या जागी कालिंदाताई उभ्या होत्या. साडीवर बालाजीचा जुना सदरा, डोक्याला रुमाल, उजवा हात वर. चेहरा रापला होता. डोळे तारेवर.

"ताई," मी म्हणालो.

"बोला सर. ऐकू यायलंय." त्यांनी मान वळवली नाही.

मी स्टुडिओचं सांगितलं, काम ठीक चाललंय म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. मग आवाज जरा खाली आणून विचारलं, "शेवटच्या फ्रेममधला ठिवता का?"

"ठेवतो," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. आता दोर झाकणाऱ्या मुली ठेवत नाहीत, त्या बिचाऱ्यांना काही माहीत नाही. तपासून झालं की मीच शेवटच्या फ्रेममध्ये जाऊन परत घालतो. शॉट लांबला आणि फ्रेम वापरली गेली तर काय करायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

"कुणाला दिसत न्हाय नव्हं?"

"नाही."

बालाजी टोपल्यात चढला. मला बघून हसला, सलाम केला. मग बहिणीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "येतो." ताईंचा हात हळूच खाली आला आणि ड्रम फिरायला लागला. त्याचं डोकं काठाच्या खाली गेलं. मी वर बघितलं, तार कप्पीवरून नीट सरकत होती. पुन्हा बघितलं. ताईंच्या खाली आलेल्या हाताची चिमूट मिटली होती आणि सदऱ्याच्या कडेवर हलत होती, खालून वर.

मला एस.टी. गाठायची होती. निरोप घ्यायला तोंड उघडलं आणि नेहमीचा 'जातो' जिभेवरच थांबला.

"येतो ताई," मी म्हणालो.

त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. तार अजून खाली जात होती.